रेड डॉटचा ठिपका फुटलेला दिसतोय? दोष साइटचा नाही, डोळ्याचा असू शकतो

बीजीएमआय किंवा त्याआधी पबजी खेळलेल्या कुणालाही 'रेड डॉट' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. गनवर साइट लावायची, काचेत लाल ठिपका दिसतो, तो समोरच्यावर नेला की फायर. गेममध्ये हा ठिपका कायम गोल आणि रेखीव असतो.

खऱ्या रायफलवरच्या रेड डॉटमधून पहिल्यांदा पाहताना मात्र अनेकजण चक्रावतात. ठिपक्याच्या जागी कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला द्राक्षांचा घड, कुणाला चांदणी, तर कुणाला एकमेकांना चिकटलेले दोन ठिपके. साहजिकच पहिली शंका साइटवर जाते. माल खराब निघाला, असं वाटतं. पण बऱ्याचदा साइट ठणठणीत असते आणि ठिपका पाहणाऱ्याच्या डोळ्यात पसरलेला असतो.

असं का होतं आणि हाती कधीच बंदूक न धरणाऱ्यांनाही याचा काय उपयोग, ते पाहूया.

रेड डॉट काम कसा करतो?

आधी एक गैरसमज दूर करू. रेड डॉट म्हणजे लेझर नाही. लक्ष्यावर कुठलाही प्रकाश पडत नाही. ठिपका फक्त साइटमधून पाहणाऱ्यालाच दिसतो.

साइटमध्ये एक बारीक एलईडी दिवा असतो. त्याचा प्रकाश समोरच्या किंचित वक्र काचेवर पडतो. या काचेवरचा थर लाल प्रकाश परत पाठवतो आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. परत येणारे किरण समांतर असतात. त्यामुळे काच डोळ्यापासून काही इंचांवर असली, तरी ठिपका खूप दूर, लक्ष्याच्या बरोबरीने असल्यासारखा भासतो.

कल्पना जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये अशा साइटचं पेटंट घेतलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर याच तत्त्वाच्या साइट होत्या. बॅटरीवर चालणारा आजचा रेड डॉट १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणला.

फायदा काय? साध्या रायफलवर डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचं लक्ष्य, अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तिन्हींचं अंतर वेगळं असल्याने डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावर ठेवायची, ठिपका तिथेच दिसतो.

मग ठिपका फुटतो कसा?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला कॉर्निया नावाचा पारदर्शक पडदा असतो. तो फुटबॉलसारखा सगळीकडून सारखा गोल असेल, तर प्रकाश आत एका बिंदूवर एकत्र येतो. पण अनेकांचा कॉर्निया एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वळलेला असतो, चमच्याच्या पाठीसारखा. मग उभे आणि आडवे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येतात आणि बिंदूची रेघ होते. यालाच अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. चष्म्याच्या दुकानात त्याला 'सिलिंडर नंबर' म्हणतात.

हा दोष रोजच्या जगण्यात सहज लपून राहतो. झाड, माणूस, दुकानाची पाटी थोडी पुसट दिसली तरी मेंदू जुळवून घेतो. पण रेड डॉट हा प्रकाशाचा एकच तेजस्वी बिंदू असतो. तो जरासा पसरला तरी लगेच कळतं. त्यात अंधुक उजेड असेल, तर बाहुली मोठी होते, कॉर्नियाचा जास्त भाग वापरला जातो आणि ठिपका आणखी फाकतो.

नेमबाजाच्या दृष्टीने ही फक्त दिसण्याची अडचण नाही. २ एमओए मापाचा ठिपका १०० मीटरवर सुमारे ६ सेंटीमीटर जागा झाकतो. तोच पसरून चौपट झाला, तर लहान लक्ष्य त्याखाली दिसेनासं होतं आणि ठिपक्याचा मध्य कुठे धरायचा, हेच कळत नाही.

चाळिशी, मायनस नंबर आणि मोतीबिंदू

प्रत्येक दोषाचा परिणाम वेगळा असतो.

चाळिशी: जवळचं दिसत नसलेल्यांना माशी धूसर दिसते. ठिपका मात्र दूर भासतो, त्यामुळे त्यांना रेड डॉटचा खरोखर फायदा होतो.

मायनस नंबर: रेड डॉट असला की चष्मा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. ठिपका दूर भासतो म्हणूनच, लांबचं न दिसणाऱ्यांना तो चष्म्याशिवाय लक्ष्याइतकाच धूसर दिसतो.

मोतीबिंदू: डोळ्यातलं भिंग गढूळ झाल्याने प्रकाश विखुरतो आणि ठिपक्याभोवती वलय दिसू शकतं.

रंगांधळेपणा: यातल्या काही प्रकारांत लाल रंग मंद दिसतो. अशांना हिरव्या ठिपक्याची साइट सोयीची पडते.

दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं?

रायफल रिकामी आहे याची खात्री करून किंवा साइट काढून घेऊन या तीन गोष्टी करता येतात.

१. मोबाइलच्या कॅमेऱ्याने साइटमधून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आणि डोळ्याला फुटलेला, तर दोष डोळ्याचा असण्याची शक्यता जास्त.

२. साइट हळूहळू फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली, तर साइटमध्ये गडबड आहे. साइट स्थिर ठेवून मान तिरकी केल्यावर शेपटी मानेबरोबर फिरली, तर ती तुमच्या डोळ्याची आहे.

३. कार्डाला टाचणीने बारीक भोक पाडून त्यातून ठिपका पाहा. तो आवळून गोल झाला, तर दोष नंबरचा आहे. बारीक भोक कडेचे किरण अडवतं, त्यामुळे प्रतिमा रेखीव होते.

हेच तत्त्व ऑलिम्पिकच्या रायफल नेमबाजीतही कामाला येतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, त्या प्रकारात रेड डॉट नसतो. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातूनच नेम धरतात.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे सिलिंडर नंबरसह योग्य चष्मा. रायफलला गाल टेकवल्यावर बऱ्याचदा काचेच्या मध्यातून न पाहता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहावं लागतं. त्यामुळे नेमबाजीसाठी चष्मा हवा असेल, तर तपासणीच्या वेळी तसं स्पष्ट सांगावं.

दुसरा उपाय फुकटचा आहे: ठिपक्याची चमक कमी करा. स्पष्ट दिसेल इतकीच ठेवली, तर ठिपका बराच आवळतो.

तिसरा म्हणजे वेगळी साइट. प्रिझम साइटमध्ये खूण काचेवरच कोरलेली असते आणि डोळ्याप्रमाणे फोकस जुळवता येतो. ती अनेकांना स्वच्छ दिसते, पण डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. होलोग्राफिक साइटने काहींची अडचण सुटते, काहींची नाही. म्हणून विकत घेण्याआधी स्वतः पाहून घ्या.

बंदूक नसलेल्यांसाठी

रेड डॉट जे दाखवतो, तेच रात्री रस्त्यावरचे दिवे दाखवतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटमधून लांब रेघा निघतात का? सिग्नलचा लाल दिवा पसरलेला दिसतो का? घरातले दिवे बंद करून टीव्हीचा स्टँडबायचा लाल दिवा लांबून, एकेक डोळा झाकून पाहा. गाडीची काच किंवा चष्मा मळका नसतानाही असं दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या, विशेषतः रात्री दुचाकी चालवत असाल तर.

तपासणीच्या कागदावर 'सिलिंडर' आणि 'अॅक्सिस' हे रकाने पाहा. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चाळिशीच्या चष्म्यात हा नंबर नसतो. तरुण वयात सिलिंडर नंबर भराभर वाढत असेल, तर कॉर्नियाचा आजारही असू शकतो, त्यामुळे फक्त चष्मा बदलून थांबू नका. आणि दिव्यांभोवती अचानक रंगीत वलयं दिसून डोळा लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. काचबिंदूचा झटका असाही येतो.