जुआंव का सापडत नव्हता?

मडगावातल्या एका ग्रंथसंग्रहाची यादी मी संगणकावर चढवत होते. पोर्तुगीज आणि मराठी पुस्तकं एकत्रच. एक आजोबा वडिलांनी लिहिलेलं पुस्तक शोधत आले. वडिलांचं नाव जुआंव. त्यांनी जे, ओ, ए, ओ अशी चार अक्षरं स्मॉलमध्ये टाइप केली. उत्तर आलं, नोंद नाही. "बाय, पुस्तक तर त्या कपाटात दिसतंय," ते म्हणाले.

संगणक अक्षर पाहत नाही, आकडा पाहतो. कॅपिटल 'ए' 65, स्मॉल 'ए' 97. सव्वीसही इंग्रजी अक्षरांत हा फरक 32च, म्हणून ते एक मानणं सोपं. अडलं होतं चिन्हापाशी. जुआंवमधल्या 'ए'च्या डोक्यावर नागमोडी रेघ असते, उच्चार नाकातून करा असं सांगणारी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या यादीत, रेघेसकट स्मॉल 'ए' 227 या एका आकड्याने लिहिता येतो, किंवा 97 आणि त्यापुढे सुट्या रेघेचा 771 असाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे.

मी प्रत्येक नावाची शोधापुरती प्रत केली. तिच्यात अक्षरं आणि चिन्हं सुटी केली, चिन्हं गाळली, उरलेलं सगळं स्मॉल केलं. टाइप केलेल्या शब्दालाही तेच. मूळ नोंद मात्र जशीच्या तशी ठेवली. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच दिसलं पाहिजे.

जुआंव सापडले. दुसऱ्या दिवशी 'मूळ' शोधलं, तर 'मेळ' आणि 'मळ'ही पुढे आले! आपले उकार, मात्रा, अनुस्वार युनिकोडने त्या पोर्तुगीज रेघेच्याच वर्गात घातले आहेत: स्वतःची जागा न घेता अक्षराला चिकटणारी चिन्हं. काना आणि वेलांटी जागा घेतात, म्हणून त्या वाचल्या. पोर्तुगीज वाचणारा रेघेशिवायही जुआंव ओळखतो. मराठीत मात्रा गेली की शब्दच गेला. आता माझी गाळणी फक्त रोमन अक्षरांवर चालते.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आलं 2008 साली. 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडूनही ते लिहिलं जातं, आणि युनिकोडचे नियम या दोन रूपांना एक मानत नाहीत. एका रूपात नोंदवलेला 'ॲटम' दुसऱ्या रूपात शोधला तर सापडत नाही. मराठीसाठी शोधाची सोय करणाऱ्यांनो, ही दोन रूपं एक मानणारी ओळ तुमच्या प्रोग्राममध्ये आवर्जून घाला.