कार्य अखंड चालावे म्हणून

महोत्सवाच्या निमित्ताने आपण झालेल्या कार्याचा हिशेब मांडतो. त्याबरोबरच, उद्या संकट आले तर हे कार्य चालू राहील काय, हा प्रश्नही विचारणे अगत्याचे आहे. या प्रश्नाची आधीच तयारी करून ठेवण्याच्या शास्त्राला कार्यसातत्य व्यवस्थापन म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१२ साली त्याचे 'आयएसओ २२३०१' हे मानक प्रसिद्ध केले. नाव भारदस्त असले तरी त्यातले मर्म देवासने पूर्वीच अनुभवले आहे.

देवासला पूर्वी तळी आणि विहिरी यांचा आधार होता. पुढे ट्यूबवेल वाढल्या व तळ्यांकडे दुर्लक्ष झाले. एक आटली तर दुसरी आहेच, असे वाटे; पण साऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या एकाच साठ्यातले. तो खालावला तेव्हा साऱ्यांनाच ओढ लागली आणि १९९० च्या सुमारास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ पासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पावसाचे पाणी अडविण्यासाठी हजारो शेततळी खोदली, म्हणजे आधारच निराळा केला. जो पर्याय मूळ व्यवस्थेच्याच आधारावर उभा असतो, तो पर्याय नव्हे, हाच यातला धडा.

हीच कसोटी आपल्या न्यासाला लावून पाहू. प्रथम, कोणते काम किती काळ थांबू शकेल, हे ठरवावे. सभागृहाची नोंदणी आठ दिवस थांबली तर बिघडत नाही. वसतिगृहातल्या मुलांचे जेवण मात्र एक वेळही चुकता कामा नये, आणि निराधार भगिनीची मदत महिन्याच्या ठरल्या तारखेसच पोचली पाहिजे.

मग प्रत्येक महत्त्वाचे काम कोणत्या माणसावर, कागदावर, पैशावर व जागेवर अवलंबून आहे, ते लिहावे. हिशेबाच्या दोन प्रती एकाच कपाटात असतील तर आगीला त्या एकच आहेत. धनादेशावर सही करणारे दोघे एकाच घरात राहात असतील तर आजारपणात दोघेही अडकतील. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कार्यालयेच बंद झाली; ज्यांचे सारे दप्तर तेथेच होते, त्यांना दुसऱ्या किल्लीचाही उपयोग नव्हता.

तिसरी गोष्ट अधिकाराची. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या धरणाला गळती लागली, तेव्हा धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करावी लागली. अशा वेळी सभा बोलावून ठराव करण्यास सवड नसते. अध्यक्ष उपलब्ध नसतील तर निर्णय कोणी घ्यावा व किती रकमेपर्यंत खर्च करावा, हे आधीच ठरलेले असावे.

ही तयारी करविणे विश्वस्तांचे कर्तव्य होय. पण काम कोठे अडते, हे कारकुनाला, स्वयंपाकिणीला व चौकीदाराला अधिक ठाऊक असते. म्हणून त्यांना सोबत घेऊनच ती करावी. वर्षातून एकदा तालीमही व्हावी: एक दिवस कार्यालय उघडू नये, मुख्य कारकुनास रजा द्यावी, आणि तरीही मुलांचे जेवण वेळेवर होते काय ते पाहावे. जे अडेल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करावे. देणगीदारांनी विश्वासाने दिलेला पैसा गरजूंच्या हाती वेळेवर पडावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.