खड्यांबरोबर गेलेला दाणा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी एका महाविद्यालयात अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करीत होता. त्याला माझे शिफारसपत्र हवे होते. मागच्या बाकावर बसून नेमका प्रश्न विचारणारा हा मुलगा; त्याच्यासाठी मी दोन ओळीच काय, दोन पाने आनंदाने लिहिली असती. पण मी एक अक्षरही लिहिले नाही. कारण त्याची ईमेल मला मिळालीच नाही.

मिळाली नाही असे तरी कसे म्हणू? ती माझ्याच खात्यात बारा दिवस पडून होती. कसलीशी एक नोटीस सापडेना म्हणून मी कुरकुरत होतो, तेव्हा आमची कन्या म्हणाली, "बाबा, स्पॅममध्ये पाहिलंत का?" स्पॅम म्हणजे नको त्या जाहिरातींचा उकिरडा, एवढीच माझी समजूत. तिने तो उघडून दिला. लॉटरी, बिनव्याजी कर्ज आणि टकलावर केस उगवणारे तेल यांच्या गर्दीत माझ्या विद्यार्थ्याचे नाव अंग चोरून उभे होते. अर्जाची मुदत दोनच दिवसांपूर्वी संपली होती.

मी लगेच फोन केला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "असू द्या सर. दुसऱ्या सरांनी दिलं पत्र. मला वाटलं, तुम्हाला द्यायचं नसेल."

त्याचे काम अडले नव्हते. पण इतके दिवस तो मनाशी काय समजून बसला होता, हे कळल्यावर त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी या चाळणीच्या मागे लागलो. न मागितलेल्या घाऊक पत्रांची पीडा तशी जुनीच. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या गृहस्थाने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० लोकांना नव्या यंत्रांची जाहिरात एकदम धाडली. स्पॅमचा आरंभ तिथपासून मानतात. पुढे या पत्रांचा पूर आला, आणि तो आवरायला उपयोगी पडले एका इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित! थॉमस बेझ याचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला. त्या गणितावर आधारलेली चाळणी २००२ साली पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका लेखात मांडली आणि ती रीत लोकप्रिय झाली. एखादा शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो आणि हव्याशा पत्रांत किती वेळा, हे मोजायचे, आणि ठळक शब्दांचा मिळून कौल घ्यायचा. हवेसे पत्र चुकून बाहेर जाऊ नये म्हणून ग्रॅहमने चांगल्या पत्रांतील शब्द दुप्पट मोजले होते.

आजच्या चाळण्या याहून पुष्कळ हुशार आहेत. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, आतले दुवे कुठे नेतात, हेही त्या पाहतात. तरी शेवटी तो अंदाजच! माझ्या विद्यार्थ्याने नव्याच पत्त्यावरून लिहिले होते. विषयाच्या जागी 'अर्जंट' आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. आत एक ओळ आणि एक दुवा. चाळणीला त्यात भामटा दिसला असेल, तर दोष तिला तरी किती द्यावा?

ही कथा मी सौ.ला सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "खड्यांबरोबर चार दाणे जायचेच. म्हणून तर खडे टाकण्याआधी त्यांच्यावर एकदा नजर टाकायची." सगळे शास्त्र तिने एका वाक्यात आणून ठेवले.

तेव्हापासून दर रविवारी, चहा झाला की, मी स्पॅमवर नजर टाकतो. आठवडा चुकवून चालत नाही. जीमेलमध्ये, उदाहरणार्थ, तिथले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते. आपले पत्र दिसले की ते तिथेच वाचून सोडायचे नाही. 'स्पॅम नाही' हे बटण दाबायचे. पत्र परत येते आणि चाळणीही शिकते. मग तो पत्ता आपल्या संपर्कयादीत टाकायचा. महत्त्वाच्या माणसासाठी 'याचे पत्र कधीही स्पॅममध्ये टाकू नये' असा नियमही बहुतेक ठिकाणी करता येतो. मात्र तो एका पत्त्यापुरताच करावा. '@' या खुणेपुढच्या साऱ्या सार्वजनिक नावाला मुभा दिली, तर चोरालाही दार उघडे मिळते. स्वतःच मागवलेल्या पत्रिकेचा कंटाळा आला तर तिची वर्गणी बंद करावी. तिच्यावर स्पॅमचा शिक्का मारला तर चाळणी भलतेच शिकते. आणि स्पॅममध्ये बँकेच्या नावाचे पत्र दिसले, तर त्यातल्या दुव्याला हात न लावता आपणच बँकेत चौकशी करावी. खडा कधी कधी दाण्यासारखा दिसतो!

पाठवणाऱ्यानेही थोडे जपावे. विषय नीट लिहावा, आत चार वाक्ये आणि पूर्ण नाव असावे. आणि काम निकडीचे असेल तर एक फोन करावा. उत्तर आले नाही म्हणजे नकार आला, असे समजण्याआधी निदान एकदा विचारावे.

शिफारसपत्र मी त्याला नंतर लिहून पाठवलेच, पुढच्या अर्जासाठी. पाठवल्याबरोबर फोन लावला. "पोचलं का रे?"

"थांबा सर," तो म्हणाला, "स्पॅममध्ये पाहतो."