हिमप्रदेशातील प्राणी आणि आपली मुले



सिल्वासाच्या मुलांना बर्फ ठाऊक असतो तो गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर मासळीच्या टोपलीतला. पौषातल्या पहाटे पाड्यापाड्यांवर शेकोट्या पेटतात, तेवढीच आपली थंडी. अशा मुलांपुढे हिमप्रदेशाचा धडा उघडला की ती ‘अनुकूलन’ हा शब्द पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. शब्दाच्या आधी अनुभव दिला, तर मात्र हाच धडा त्यांच्या मनात ठसतो. त्याला साधनेही महागडी लागत नाहीत, स्वयंपाकघर पुरते.

प्रथम चरबी घेऊ. एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तुपाचा जाड थर द्यावा, तिच्या आत दुसरी पिशवी बसवावी आणि त्या आतल्या पिशवीत मुलाने हात घालावा. दुसऱ्या हाताला नुसतीच पिशवी असावी. दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडविले, की नुसत्या पिशवीतला हात मूल लगेच बाहेर काढते. तुपातला हात मात्र निवांत राहतो. ध्रुवीय अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा असाच थर असतो. तो १० सेंटीमीटरपर्यंत जाड होऊ शकतो, हे मग वेगळे पटवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट केसांची. गरम पाण्याचे एक भांडे घोंगडीत गुंडाळावे, दुसरे उघडे ठेवावे. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या लोकरीत अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. लडाखमधील चांगथांगच्या शेळीला राठ केसांखाली मऊ लोकरीचे दुसरे अस्तर असते. वसंतात ते विंचरून काढतात, तीच पश्मिना.

तिसरी गोष्ट आकाराची. परातीत पसरलेला भात चटकन निवतो, पातेल्यातला भात ऊब धरून राहतो. उघडा पृष्ठभाग जितका अधिक, तितकी उष्णता लवकर जाते. म्हणूनच उत्तर ध्रुवाकडील कोल्ह्याचे कान आखूड व गोलसर असतात, तर सहारा वाळवंटातील फेनेक नावाच्या चिमुकल्या कोल्ह्याचे कान सुपासारखे मोठे.

आता हे सारे आपल्याच देशातील एका प्राण्यात पाहू. लडाख-स्पीतीच्या उंच कड्यांवर हिमबिबट्या राहतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणे भारतात त्यांची संख्या ७१८ आहे. दाट केस, भुसभुशीत बर्फात न रुतणारे रुंद, केसाळ पंजे आणि जवळजवळ मीटरभर लांबीची झुबकेदार शेपूट ही त्याची ओळख. शेपटीने तो कड्यावर तोल सावरतो आणि झोपताना तीच तोंडाभोवती लपेटून घेतो.

येथे वर्गात एक प्रश्न हटकून येतो : “गुरुजी, आपल्या रानातला बिबट्या तिकडे नेऊन सोडला, तर त्यालाही तशी शेपूट येईल का?” हा प्रश्न म्हणजे धड्याचा गाभाच होय. केस थोडे दाट होतील, पण शेपूट लांबणार नाही, पंजेही रुंदावणार नाहीत. ‘थंडी वाजू नये म्हणून अस्वलाला केस आले’ असे आपण सहज बोलून जातो. ते वाक्य टाळावे. एकाच प्राण्याच्या पिलांत मुळातच थोडा थोडा फरक असतो. ज्यांचे केस अधिक दाट, ती कडाक्यात अधिक तगली. त्यांच्या पिलांनाही तोच वारसा मिळाला. हजारो पिढ्या असे होत गेले. गरज लागली आणि अंगरखा शिवून मिळाला, असे निसर्गात घडत नाही.

ज्याचे घर, तशी त्याची ठेवण. मुंबईच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आणले गेले. मुलांना वाटते, पेंग्विन म्हणजे बर्फच. पण हे हम्बोल्ट जातीचे पक्षी पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे. तेथील सागरप्रवाह थंड, जमीन मात्र उन्हाने तापलेली. म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर पिसे नसलेले गुलाबी भाग आहेत; तेथून जादा उष्णता निघून जाते. एकच पक्षी थंडी आणि ऊन अशा दोहोंचा बंदोबस्त करून असतो.

हे शिकविणे केवळ गुणांसाठी नाही. उत्तर अमेरिकेतील हिमससा हिवाळ्यात पांढरा होतो, तो बर्फ पाहून नव्हे, तर दिवस लहान झाल्यामुळे. आता पृथ्वी तापत चालल्याने बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो. तेव्हा तपकिरी मातीवर तो पांढरा ससा शिकाऱ्याला दुरूनच दिसतो. ज्या मुलाला ‘प्राणी बदलतील की!’ असे वाटते, त्याला ह्या सशाची काळजी वाटणार नाही. अनुकूलनाला पिढ्यांमागून पिढ्या लागतात आणि हवा मात्र एका आयुष्यात पालटते आहे, हे ज्याला उमगले, त्याला ती वाटेल. आपल्या मुलांनी कधी हिमालय पाहिला नाही, तरी एवढे त्यांना येथे, सिल्वासात बसून, खचित समजू शकते.