दप्तराची डिस्क



बाजार समितीतला हमाल असो की जिनिंगमधला कामगार, त्याच्या हक्काचा झगडा शेवटी कागदापाशी येतो. ग्रॅच्युइटी मागायची तर सलग किती वर्षे काम केले ते दाखवावे लागते. माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला, पण नोंदणी आणि मजुरीचा हिशेब असल्यावाचून त्याचा लाभ हाती पडत नाही. हे दप्तर आता वहीतून संगणकात गेले आहे. संगणकात म्हणजे नेमके कोठे? तर डिस्कमध्ये. डिस्क भरली की आपण सबंध संगणक दुकानात नेऊन ठेवतो आणि त्याबरोबर शेकडो माणसांची नावे परक्या हाती देतो. म्हणून डिस्क बसविण्याचे काम आपल्याला यावे. ते पेचकसाचे काम आहे. त्यात विद्या थोडी, सावधपणा जास्त.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिले डिस्कयंत्र विकावयास काढले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि मजकूर मावे पन्नास लाख अक्षरांचा. आज मोबाइलवरच्या एका फोटोला तेवढी जागा लागते.

आजच्या डिस्का तीन प्रकारच्या. साडेतीन इंची हार्डडिस्क. हिच्यात तबकड्या फिरतात, म्हणून चालू असताना तिला धक्का लागता कामा नये. दुसरी अडीच इंची एसएसडी. हिच्यात फिरणारे काही नसते. तिसरी एम-टू, बावीस मिलिमीटर रुंदीची ही पट्टी सरळ मदरबोर्डवर बसते.

आता कृती पाहू. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी. पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. हार्डडिस्क खणात सरकवून स्क्रूने पक्की आवळावी. सैल राहिली तर ती थरथरते. अडीच इंचीचे स्क्रू वेगळे असतात, त्यांची अदलाबदल करू नये. या दोन्ही प्रकारांना दोन जोडण्या असतात. साटाची अरुंद केबल मदरबोर्डकडे जाते, ती मजकूर नेते. रुंद जोडणी एसएमपीएसकडून येते, ती वीज देते. दोन्हींना इंग्रजी एल अक्षरासारखी खाच आहे. खाच जुळली की केबल अलगद बसते. जोर लागला तर समजावे, बाजू उलटी आहे. एम-टू पट्टी तिरपी घालून खाली दाबतात आणि टोकाला स्क्रू लावतात. काही मदरबोर्डांवर एम-टू बसविली की साटाचे एखादे तोंड बंद पडते. म्हणून आधी मदरबोर्डची पुस्तिका वाचावी.

एक धोका विशेष ध्यानात ठेवा. काही एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसला बसते, पण आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो. अशा वेळी डिस्क जळते. केबल ज्याची त्यालाच लावावी.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क दिसली नाही तर घाबरू नये. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला प्रथम तयार करावे लागते. तेथे जीपीटी हा पर्याय निवडावा, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही. मात्र दप्तर असलेली जुनी डिस्क जोडल्यावर संगणक ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारू लागला, तर नाही म्हणावे आणि थांबावे. तेथे ‘हो’ म्हणणे म्हणजे वही स्वतःच्या हाताने कोरी करण्याची सुरुवात.

बदललेली डिस्कही भंगारात टाकू नये. फाइल पुसली म्हणून आतला मजकूर गेला असे होत नाही.

शेवटची गोष्ट. डिस्क कितीही चांगली असली तरी एक दिवस बंद पडणारच, आणि तशी सूचना ती देईलच असे नाही. एकाच पेटीत दोन डिस्का ठेवल्या तरी आग, चोरी आणि विजेचा झटका दोन्हींना एकदमच गाठतात. म्हणून वाशीमच्या दप्तराची एक प्रत कारंज्याला असावी, कारंज्याची वाशीमला. महिन्यातून एकदा ती उघडून वाचून पाहावी. वीस वर्षे पोती वाहिलेल्या माणसाला आपण ‘तुमची नोंद सापडत नाही’ असे सांगू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.