भूत होऊन खेळायचा खेळ

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि पाऊल उचलतात. ते साधलं की फसलं, हे फासे ठरवतात. भूमिका वठवण्याचा हा खेळ १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रुळला. त्यात खेळाडू राक्षस मारणारा वीर असे. १९९१ मध्ये मार्क राइन-हेगन यांच्या ‘व्हँपायर : द मास्करेड’ने बाजू पालटली. इथे खेळाडूच रक्तपिपासू; काळ आजचा, शहरंही ओळखीचीच, फक्त जास्त काळवंडलेली.

खेळाची खरी गोम ‘माणुसकी’च्या आकड्यात आहे. क्रूर वागलं की तो घसरू लागतो. शून्यावर आला की पात्र खेळाडूच्या हातातून कायमचं जातं. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत भुकेचे वेगळे फासे आले. भूक वाढेल तसे साधे फासे कमी होऊन त्यांच्या जागी हे येतात, आणि जिंकलेला डावही अंगाशी येऊ शकतो.

कोकणातल्या भुतांना असे नियम नवे नाहीत. तिथे प्रत्येक भुताला मूळ असतं आणि ठिकाणही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा पाण्यातच दबा धरतो. १९०९ मध्ये नाशकात मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन याने जमवलेली अशी माहिती ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन याने १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींच्या ग्रंथात छापली. खेळ रचणाऱ्याला ती आयती शिदोरीच आहे.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट अशा खेळाला शोभेल. पावसाळ्यातलं धुकं, कोसळणाऱ्या दरडी, खाली सावित्री आणि तिच्या डोहात गिऱ्हा. पण याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. काळ आजचा घेतला की खऱ्या जखमाही हाताशी येतात. त्याच वर्षी ‘व्हँपायर’च्या एका पुस्तकात चेचन्यातल्या समलिंगी लोकांच्या खऱ्या छळामागे पिशाच्चांचा डाव दाखवला होता, टीका झाल्यावर प्रकाशकांना माफी मागावी लागली. म्हणून जाणती मंडळी पहिल्या डावाआधीच कोणते विषय वर्ज्य, हे ठरवून घेतात. आंबेनळीत खेळ मांडणाऱ्यांनी त्या बसचा अपघात या यादीत सर्वांत वर लिहावा.