टर्कीच्या शिकारीला घाई कशाला?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रानटर्कीच्या वसंतातल्या हंगामावरून पेटलेला वाद काही विझत नाही. जॉर्जियाने 2022 पासून आणि टेनेसीने 2023 पासून हंगाम उशिरा सुरू केला, वर माणशी मर्यादाही दोन नरांवर आणली. शिकारी खवळले, कारण पहिल्या दिवशीचा नर सगळ्यात भोळा असतो असा त्यांचा पक्का समज. हा समज अर्धाच खरा आहे. दिवस मोठा होऊ लागला की थंडीतले थवे फुटतात आणि नरांच्या हाका वाढतात. पण तेव्हा प्रत्येक दांडग्या नराभोवती माद्यांचा गोतावळा असतो. शिकारी झुडपाआड बसून मादीचा आवाज काढतो. मुळात टर्कीत मादीने नराकडे जायचं असतं. शिकाऱ्याचा आग्रह नेमका उलटा. समोर वाढलेलं ताट सोडून नर कशाला उठेल? मादी दिवसाला एखादं अशी दहा-बारा अंडी घालते आणि मग सुमारे 28 दिवस उबवायला बसते. एकेक मादी अशी बसू लागली की नर एकटा पडतो, पुन्हा साद घालत हिंडू लागतो. शिकाऱ्याची खरी वेळ ही. पानं दाट होतात, डास चावतात, हाक लांबवर ऐकू येत नाही, हे कबूल. पण दाट पानांत शिकारीही लपतोच की.

जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन यांचा मुद्दा याहून खोल जातो. समागमाचा मोठा वाटा मोजक्या वरचढ नरांकडे असतो. तेच ऐन सुरुवातीला मारले, तर उरलेल्यांत वर्चस्वाची नवी उतरंड लागेपर्यंत माद्यांचा खोळंबा होतो, अशी त्यांची मांडणी आहे. ती पटण्याजोगी आहे, पण आकडे तिच्या मागे तितकेसे उभे राहत नाहीत. टेनेसीच्या काही जिल्ह्यांत हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू करून पाहिला गेला आणि टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला. घरट्यांचं यश किंवा पिलांचं जगणं त्याने वाढलं नाही. राज्याने मात्र सरसकट उशीर केलाच. यावरून उशीर निरुपयोगी ठरत नाही, त्याच्यावर लादलेली अपेक्षा तेवढी जड ठरते. अंडी पळवतात ती रॅकून आणि साप. कोवळी पिलं पहिले दहा-बारा दिवस नीट उडू शकत नाहीत, तेव्हा पावसात भिजून मरतात. अंडी घालायला आडोसा देणारी झुडपी माळरानं घटतात. यातलं काहीच कॅलेंडरला जुमानत नाही. तेव्हा उशिरा जायचं ते पक्षी वाचवण्याचं पुण्य म्हणून नव्हे. तेव्हा नर हाकेला येतो म्हणून. आणि बहुतेक माद्या अंड्यांवर असल्याने नराच्या नावाखाली मादी टिपली जाण्याची शक्यताही कमी.